शिंगाची फणी

इली नदीच्या काठी आमच्या गावाला निरू म्हणतात.
निरू म्हणजे बाण.
तिसऱ्या बाणात आमचं घर, चौथ्यात मामाचं.
एका बाणातून दुसऱ्यात सुना जातात,
पिठाच्या उसन्या वाट्या जातात.
धनुष्य मात्र एकाही घरात नव्हतं.

आजोबा, किचेंगे, फण्या करत.
चौकात धनुष्यं जाळली त्या साली
(लाकूड लगेच विझलं, शिंगाचा वास आठवडाभर)
त्यांनी माळ्यावरच्या शिंगपट्ट्या उतरवल्या
आणि करवत लावली.
दूर दक्षिणेच्या भातखाचरातल्या म्हशी त्या,
जन्मात बर्फ न पाहिलेल्या.
एकाच जनावराची जुळी शिंगं लागतात एका धनुष्याला,
नाहीतर एक बाहू रडतो, एक हसतो.
अकरा धनुष्यांच्या सव्वाशे फण्या झाल्या.
चौकशीला आलेल्या माणसाला म्हणाले,
“मी फणीवाला. तुमच्या बायकोला केस असतीलच.”
त्यानंही एक नेली.

मी विचारलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची,
ते ब्याऐंशीचे.
बोलले नाहीत. पाळणा उलटा केला,
बाबा ज्यात झोपले, मी झोपले, माझा भाऊ झोपला,
आणि तळाच्या चिंध्या सोडल्या.
आत एक जोडी.
काळीभोर, न कापलेली.

मग बांबू तासला. टोकांना तुतीचं लाकूड.
माशाच्या फुग्याची खळ, मंद पाण्यात, उकळी न येऊ देता;
आई म्हणाली, या घरात आता मी जेवणार नाही,
आणि जेवली.
शिंग पोटाशी चिकटवलं, दोरीनं इतकं आवळलं
की माझ्या तळव्यांवर तिचे वळ पंधरा दिवस.
पाठीवर बैलाच्या पाठीचे स्नायू:
वाळवलेले, काठीसारखे.
लाकडी हातोड्यानं ठोकत बसले सबंध हिवाळा
तेव्हा कुठे त्यांतून धागे सुटले,
पिवळट, आखूड, हट्टी.

“आता विंचर,” आजोबा म्हणाले.
लोखंडी फणीनं धागे तुटत होते.
शिंगाची हवी, बारीक दात्यांची.
सव्वाशे केलेल्या माणसाच्या घरात
एकही नव्हती.

शेजारच्या आर्सुन आजीनं अंबाड्यातून काढून दिली.
“परत आण. केस थोडे आहेत, पण आहेत.”
दात्यांत तिचा एक पांढरा केस होता.
मी काढणार होते.
आजोबांनी माझा हात बाजूला केला,
खळीत बुडवलेल्या धाग्यांसोबत
तोही पाठीवर नीट निजवला.

त्यानंतर वर्षभर काही नाही.
भिंतीवर टांगलेलं ते पाठ फिरवून राहिलं,
उलटं, दोन्ही टोकं एकमेकांना शिवत,
जेवायला न उठणाऱ्या पोरासारखं.
वरून भूर्जाची साल चढवली, ओल लागू नये म्हणून.
पुढच्या शरदात निखाऱ्यावर शेकलं,
गुडघ्याखाली धरून दोघांनी वळवलं,
आईनं दोरी अडकवली,
अडकवताना डोळे मिटले तिनं.

अंगठ्यात हरणाच्या शिंगाचं कडं.
बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला, अंगठ्यालगत.
“हनुवटीपाशी थांबू नकोस,” आजोबा म्हणाले,
“कानामागे ने. आपली माणसं कानामागून सोडायची.”
कानामागे नेला.
पाठीतले धागे ताणले जाताना
एक बारीक कुरकूर ऐकू आली,
म्हातारी खाटेवरून उठते तशी.

सोडला.
निशाण्याला ठेवलेली टोपली हललीही नाही.

अर्ध्या तासानं चौथ्या बाणातून मामा आला,
काखेत टरबूज, टरबुजात आमचा बाण,
शिव्या देत.
आजोबांनी अंतर विचारलं.
मामा शिव्या थांबवून पावलं मोजायला परत गेला.

मी फणी धुतली, पुसली,
आर्सुन आजीकडे नेऊन दिली.
तिनं ती नाकाशी धरली.
“मासा,” म्हणाली,
आणि तशीच केसांत खोवली.